नाशिक: मस्टँग जीटी ऑटोमॅटिकला बाहेरचा टॉर्क कन्व्हर्टर घ्यायचाय. २८००, ३२०० की ३८०० स्टॉल?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ ची मस्टँग जीटी आहे, सेकंडहँड घेतलेली. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअरची ऑटोमॅटिक. भारतात आलेल्या या गाडीचे कंपनीचे आकडे ४०१ पीएस आणि ५१५ न्यूटन-मीटर. आधीच्या मालकाने इनटेक आणि लाँग ट्यूब हेडर्स बसवले होते, रीमॅप (इंजिनच्या संगणकाची नवी जुळणी) मी करून घेतला.

इंजिन वर गेलं की जीव ओततं, पण खाली ते अडखळतं. ४० च्या वेगाला पूर्ण पाय दिला की ३००० आरपीएमपर्यंत गाडी विचार करत बसल्यासारखी वाटते आणि मग एकदम सुटते. अमेरिकेतल्या बहुतेक मालकांनी यावर एकच उपाय सांगितलाय: मूळ टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) काढून जास्त स्टॉलचा, म्हणजे गाडी हलण्याआधी इंजिनला जास्त आरपीएमवर चढू देणारा, बसवा. २८००, ३२०० आणि ३८०० असे तीन पर्याय समोर आहेत.

वापर असा: गाडी रोजची नाही. आठवड्यातून एकदोनदा कॉलेज रोड आणि गंगापूर रोडची गर्दी, रविवारी पहाटे कसारा किंवा वणीमार्गे सापुतारा, मध्ये कधी समृद्धी. वर्षातून एखादी ड्रॅग स्पर्धा (सरळ पट्ट्यावरची शर्यत) जमली तर हवीच आहे. गाडी एसीसकट, घरच्यांना घेऊन चालवायची आहे, ट्रेलरवर न्यायची नाही.

एकदा मागवला की परत पाठवणं परवडणारं नाही. वस्तूची किंमत, हवाई भाडं, कस्टम ड्यूटी, वर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी. म्हणून आधी इथे विचारतोय.

मखमलाबाद_टीएसआय

माझ्या पोलो जीटी टीएसआयला पण असा कन्व्हर्टर मिळेल का? डीएसजी आहे, सिग्नलला हळू उठते.

अंबडचा_फिटर

@मखमलाबाद_टीएसआय, तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नाहीच. सात गिअरची ती डीएसजी दोन कोरड्या क्लचवर चालते. उठायला हळू असेल तर क्लच आणि मेकॅट्रॉनिक (गिअर-क्लच चालवणारं युनिट) तपासा, तो विषय वेगळा. नवीन स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये १.० ऑटोमॅटिकला कन्व्हर्टर येतो, १.५ ला डीएसजी. घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आता गंगापूररोडकर दादा, तुमच्याकडे वळतो. माझं काम गिअरबॉक्सचंच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: २८००, ३२००, ३८०० हे आकडे कन्व्हर्टरवर छापलेले असले तरी ते एकट्या कन्व्हर्टरचे नसतात. स्टॉल म्हणजे आउटपुट थांबलेलं असताना पूर्ण थ्रॉटलवर इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत चढू शकतं तो बिंदू. तो कन्व्हर्टरइतकाच इंजिनच्या ताकदीवरही ठरतो. आत ऑइल ढकलणारा इंपेलर, ते ऑइल झेलून गिअरबॉक्स फिरवणारा टर्बाइन आणि दोघांच्या मध्ये परतणाऱ्या ऑइलला योग्य दिशा देणारा स्टेटर. इंपेलरला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच स्टॉल टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे सरकतो.

उदाहरण घ्या. एखादा कन्व्हर्टर ५१५ न्यूटन-मीटरमागे ३००० स्टॉल देतो. तोच ३२० न्यूटन-मीटरच्या इंजिनमागे लावला तर साधारण २३५० ते २४०० देईल. सुपरचार्जर लावून ७०० न्यूटन-मीटर केलं तर तोच ३५०० च्या आसपास जाईल. म्हणून "कुणाच्या तरी गाडीत ३२०० मस्त चालला" याला अर्थ नाही, ती गाडी कोणती आणि तिचा टॉर्क किती ते कळल्याशिवाय. आणि टॉर्क म्हणजे कमाल आकडा नव्हे, त्या स्टॉलच्या आरपीएमला इंजिन जे देतं ते. तुमचं इंजिन कमाल टॉर्क ४२५० ला देतं, ३००० ला त्याहून कमी.

विक्रेत्याला विचारायचं ते एवढंच: "हा आकडा कोणत्या टॉर्कवर मोजला?" नीट उत्तर देत नसेल तर तिथून घेऊ नका.

देवळालीकर

फिटर भाऊंनी वर्गमुळाचं सांगितलं, त्यात नाशिकची उंची जोडतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथली हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे ६ टक्के विरळ, त्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन तेवढाच टॉर्क कमी देतं. वर्गमूळ घेतलं तर स्टॉल ३ टक्क्यांच्या आसपास खाली येतो. अमेरिकेत समुद्रसपाटीला ३००० असणारा इथे २९०० वाटेल.

त्यावर मे महिन्यातली ४० अंशांची दुपार. १५ अंशांच्या तुलनेत हवा आणखी ८ टक्के विरळ. म्हणजे त्याच गाडीचा स्टॉल जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी वेगळा. फरक शंभर-दीडशे आरपीएमचा, पण चारशे-सहाशेच्या पायऱ्यांमधून निवड करताना तो मोजावा लागतो. टर्बोच्या गाड्यांना हा त्रास कमी, टर्बो बराचसा फरक भरून काढतो.

धावपट्टी४०२

मी ३८०० च्या बाजूने आहे आणि मनापासून आहे. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर मी ऑटोमॅटिक व्ही-८ गाड्या जवळून पाहिल्यात. मूळ कन्व्हर्टरची गाडी लाइट हिरवी झाल्यावर निघते तेव्हा इंजिन २००० च्या पुढेमागे असतं. जास्त स्टॉलची गाडी निघते तीच पॉवरबँडच्या, म्हणजे इंजिन जोर देतं त्या आरपीएमच्या, तोंडाशी. पहिल्या १८ मीटरमध्ये फरक पडतो आणि तो शेवटपर्यंत टिकतो.

दुसरं म्हणजे गिअर बदलल्यावरचा आरपीएम. तुमच्या गिअरबॉक्सची प्रमाणं ४.१७, २.३४, १.५२, १.१४, ०.८७, ०.६९. ६५०० ला पहिल्यातून दुसरा पडला की इंजिन थेट ३६५० वर येतं. तिथे या इंजिनचा जोर पुरेसा जमलेला नसतो. ३८०० चा कन्व्हर्टर त्याला ३६५० पर्यंत पडूच देत नाही, घसरून वर धरून ठेवतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात ४२००, तिसऱ्यातून चौथ्यात जवळपास ४९००, तिथे प्रश्नच नाही. म्हणजे अख्ख्या धावेत एक निघताना आणि एक पहिल्या शिफ्टला, या दोन ठिकाणी वेळ वाचतो. ड्रॅगमध्ये तेवढंच पुरतं.

अंबडचा_फिटर

धावपट्टी भाऊ, पहिल्या-दुसऱ्या शिफ्टचा मुद्दा शंभर टक्के मान्य. निघण्याच्या मुद्द्यावर मात्र गणित करून बघू.

मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ३.१५ धरू (दादा, तुमच्या डिफरन्शियलवरचा टॅग बघून घ्या, ३.५५ असेल तर पुढचे आकडे १३ टक्क्यांनी वाढतील). ३००० आरपीएमला इंजिन ४७० न्यूटन-मीटर देतंय असं समजा. पहिला गिअर ४.१७. कन्व्हर्टरने एक टक्काही टॉर्क वाढवला नाही असं मानलं तरी चाकापर्यंत ६१०० न्यूटन-मीटरहून जास्त पोचतात. टायरची त्रिज्या ०.३४ मीटर धरली तर रस्त्यावरचा जोर १८,००० न्यूटन. घर्षणात १५ टक्के गेले तरी १५,००० उरले.

आता टायर किती झेलतात? गाडी ड्रायव्हरसकट १८०० किलोच्या घरात. जोरात निघताना मागच्या चाकांवर ५५ ते ६० टक्के वजन आलं, म्हणजे हजार-अकराशे किलो. चांगल्या कोरड्या डांबरावर रस्त्याचे टायर साधारण तेवढंच ढकलू शकतात, दहा-अकरा हजार न्यूटन. इंजिन आधीच दीडपट देतंय. त्यावर स्टॉलला कन्व्हर्टर टॉर्क दुपटीच्या आसपास वाढवतो. तो सगळा धूर होऊन जाणार. इगतपुरीच्या पावसात तर विचारूच नका.

पहिला गिअर एवढा खोल (प्रमाण मोठं) असलेल्या गाडीला निघण्यासाठी मोठा स्टॉल लागत नाही. जुन्या अमेरिकन गाड्यांत तीन गिअर असायचे, पहिला २.५ च्या आसपास. तिथे ३८०० ने गाडीचा जन्म बदलायचा. ते लेख वाचून लोक सहा आणि आठ गिअरच्या गाडीला तोच आकडा मागवतात. ड्रॅग रेडियल (शर्यतीचे जास्त पकडीचे) टायर लावणार असाल, मागचं सस्पेन्शन त्यासाठी बसवणार असाल, तर धावपट्टी भाऊंचं म्हणणं बरोबर. रस्त्याच्या टायरवर नाही.

म्हणून स्टॉलच्या जोडीला दुसरा आकडा विचारा: स्टॉलला टॉर्क किती पटीने वाढतो. तो साधारण १.८ ते २.५ मध्ये असतो. स्टेटरच्या पात्यांच्या कोनावर बरंच अवलंबून. तुमच्यासाठी कमी पटीचाच चांगला. निघताना चाकं सुटणार नाहीत, आणि कमी पटीचे कन्व्हर्टर वरच्या वेगात बहुधा कमी घसरतात.

बीमर_इंदिरानगर

बीएमडब्ल्यू एम३४०आय चालवतो, म्हणून विचारतो. तिच्यातल्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्सलाही हेच लागू?

अंबडचा_फिटर

आणखी जास्त लागू. तुमच्या बॉक्सचा पहिला गिअर मस्टँगपेक्षाही खोल आहे, आणि गाडी हलली की थोड्याच वेगात कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे आतला लॉक-अप क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो आणि घसरण थांबते. टर्बो खालूनच दाब देतो. पैसे टायर आणि ऑइल सर्व्हिसवर घाला. आणि त्या बॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" आहे यावर विश्वास ठेवू नका. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते, कठीण वापर असेल तर त्याआधी.

घाटवाटा

सगळे निघण्याचं बोलताय. मी घाटाचं बोलतो, कारण माझ्या मते नाशिकच्या गाडीची निवड तिथे ठरते.

रविवारी सकाळी नऊनंतर कसाऱ्याकडून इगतपुरीला वर या. पुढे कंटेनर, वेग ३० ते ४०, चढ, अर्धा थ्रॉटल, लॉक-अप सुटलेला. कन्व्हर्टर सतत घसरतोय आणि जितकी घसरण तितकी उष्णता, आणि ती जाते ऑइलमध्ये. पूर्ण स्टॉलला काय होतं बघा: ३०० न्यूटन-मीटर आणि २५०० आरपीएम म्हणजे ७८ किलोवॅट, घरातले दोन किलोवॅटचे जवळपास चाळीस गीझर एकदम चालू केल्यासारखं. आत असतं तीन-चार लिटर ऑइल. सेकंदाला दहा अंशांहून जास्त तापू शकतं. म्हणूनच ब्रेक दाबून स्टॉल बघायची चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नका असं सांगतात. घाटात एवढं टोकाचं होत नाही, पण जे होतं ते वीस मिनिटं चालतं.

कार्यशाळेत चालणारा ठोकताळा असा की ८० अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. ९० ला काळजी नाही. ११० ला सतत चालली तर ऑइल लवकर बदलावं लागेल. १३० च्या पुढे सीलं कडक व्हायला लागतात, क्लचच्या प्लेटा जळायला लागतात.

आणि उतार! सैल कन्व्हर्टर, म्हणजे जास्त स्टॉलचा, लॉक-अप नसताना उतारावर इंजिन ब्रेकिंग कमी देतो. चाकाकडून इंजिनाकडे जोर नीट पोचत नाही. सापुताऱ्याहून खाली येताना दुसरा-तिसरा टाकला आणि गाडी धरत नाहीये असं वाटलं तर घाम फुटतो. उतारावर लॉक-अप राहील असं ट्यूनमध्ये करून घेतलं तरच हे सुटतं.

गंगापूररोडकर

मंडळी, खूप आभार. फिटर भाऊंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) वायर लावून लॉग घेतले. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबून स्टॉल मोजता आला नाही, ईसीयू (इंजिनचा संगणक) थ्रॉटल बंद करतो. म्हणून पहाटे मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू चालवत एकदम पूर्ण पाय दिला आणि आरपीएम कुठे उसळून थांबतो ते पाहिलं. तो २४०० च्या आसपास थांबतो, तिथून वेगाबरोबर चढत जातो.

तापमान: समृद्धीवर १२० च्या मर्यादेत ९० अंशांखाली. शहरात ९५ ते १००. कसारा चढताना गर्दीत १०८ दिसलं, तेही मूळ कन्व्हर्टरवर. हे पाहून ३८०० चा विचार मी सोडला.

डिफरन्शियलचा टॅगही पाहिला, ३.१५ आहे.

अंबडचा_फिटर

छान. ही माहिती सोन्यासारखी आहे. मूळ कन्व्हर्टर २४०० ला उसळतोय म्हणजे इथल्या हवेत ५०० ते ६०० वाढवलं तर तुमची "विचार करत बसते" ही तक्रार जाईल. माझं मत २९०० ते ३०००. ३२०० नको, ते वाईट आहे म्हणून नाही, तर गर्दीत प्रत्येक वेळी गाडी हलवायला इंजिन जास्त ओरडेल आणि कसाऱ्याचे १०८ आणखी वर जातील.

पण आधी कूलर. कन्व्हर्टरच्या आधी, निदान त्याच दिवशी. प्लेट टाइप घ्या, नळीला जाळी गुंडाळलेला साधा नको. मूळ हीट एक्स्चेंजर काढू नका, नवा कूलर त्याच्यानंतर जोडा. जागा कंडेन्सरच्या पुढे, पण पूर्ण कंडेन्सर झाकेल असा नाही, नाहीतर उन्हाळ्यात एसी रडेल. आणि थर्मोस्टॅट असलेला बायपास घाला. आपल्याकडे हिवाळाही असतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांखाली जातो. थंड ऑइलवर हा बॉक्स झटके देतो आणि लॉक-अप उशिरा लावतो.

लॉक-अपचं बोलू. मला विचाराल तर स्टॉलच्या आकड्यापेक्षा मी लॉक-अप क्लचवर जास्त वेळ घालवीन. मूळ कन्व्हर्टरमधला क्लच मूळ टॉर्कसाठी बनवलाय. तुम्हाला रीमॅपनंतर पूर्ण थ्रॉटलवर लॉक हवा असेल, आणि तो हवाच, तर एकापेक्षा जास्त प्लेटांचा, मल्टी-डिस्क घ्या. त्याचा फायदा तिहेरी. समृद्धीवर घसरण शून्य: सहाव्या गिअरला १०० च्या वेगाला इंजिन १७०० च्या आसपास फिरतं, आणि लॉक असेल तर तुमच्या कन्व्हर्टरचा स्टॉल ३००० आहे की ४००० याने तिथे काहीच फरक पडत नाही. घाटात तिसऱ्या-चौथ्यात लॉक करून चढता येतं. आणि ड्रॅगला तिसऱ्यापासून पुढे लॉक केलं की घसरणीत जाणारी पॉवर चाकाला मिळते.

देवळालीकर

लॉक-अपवरून आठवलं, वाचलेलं सांगतो. फ्लुइड कपलिंग आणि टॉर्क कन्व्हर्टरची मूळ कल्पना जर्मनीतल्या हेरमान फ्योटिंगर यांची, १९०५ चं पेटंट, जहाजाच्या टर्बाइनसाठी. १९४८ ला ब्यूकच्या डायनाफ्लोमध्ये कन्व्हर्टर आला, आणि १९४९ ला पॅकार्डने त्याला लॉक-अप जोडला. नंतर तो मागे पडला. तेलाच्या टंचाईनंतर १९७८ ला क्रायस्लरने परत आणला आणि मग सगळ्यांनीच. म्हणजे लॉक-अप आला पेट्रोल वाचवायला. आज जास्त ताकदीच्या गाड्यांत तोच गिअरबॉक्स वाचवतो. म्हणून फिटर भाऊंचं म्हणणं मला पटतं, पैसे तिथे घाला.

थारवाला_सातपूर

आमच्या थारला असं काही? पेट्रोल ऑटोमॅटिक, ३२० न्यूटन-मीटर. गाडी इथल्याच प्लांटची, म्हणून विचारायचं धाडस करतोय. मध्यंतरी मोठे टायर लावलेत, तेव्हापासून निघताना जड वाटते.

घाटवाटा

भाऊ, मोठ्या टायरने गिअरिंग उंच झालं, ती तक्रार कन्व्हर्टरने सोडवू नका. जास्त स्टॉल घातला की निघताना हलकी वाटेल, पण त्र्यंबकच्या डोंगरात चिखलात हळू चालताना ऑइल उकळेल. ऑफरोडला घट्ट कन्व्हर्टरच चांगला आणि फोर-लो (चारही चाकांची कमी वेगाची रेंज) हा त्यावरचा खरा उपाय. लो रेंजमध्ये कन्व्हर्टरवर भार कमी येतो. टायरचा घेर स्पीडोमीटरमध्ये दुरुस्त करून घ्या, गिअर बदलण्याचं गणितही त्यावरच चालतं.

धावपट्टी४०२

मी ३८०० चा हट्ट सोडतो. टायरचं गणित आणि दादांचे लॉग बघितल्यावर रस्त्याच्या गाडीला ३००० योग्य वाटतो. पण एक आग्रह: बांधणीत तडजोड नको. पाती फर्नेस ब्रेझ केलेली (भट्टीत धातू वितळवून जोडलेली) हवीत, नुसती वाकवून अडकवलेली नकोत. थ्रस्ट वॉशरच्या जागी सुयांचं बेअरिंग. पुढचं कव्हर जाड, शक्यतो बिलेट (अखंड धातूतून कोरलेलं). आणि अँटी-बलून प्लेट. जास्त दाबाने आणि आरपीएमने कन्व्हर्टर फुगतो, तेव्हा तो क्रँकला पुढे रेटतो आणि इंजिनचं थ्रस्ट बेअरिंग खातो. कन्व्हर्टर वाचवायला जाऊन इंजिन उघडायची वेळ येते. स्टेटरचा वन-वे क्लचही वरच्या दर्जाचा घ्या. तो घसरायला लागला तर गाडी खालून मरगळते, अडकला तर वरच्या वेगाला दम तुटतो. लक्षणं इंजिनची वाटतात आणि लोक महिनोन्महिने प्लग आणि पंप बदलत बसतात.

सिन्नर_ट्यून

ट्यूनिंगचा माणूस म्हणून चार शब्द.

कन्व्हर्टर बसवून गाडी तशीच पळवली तर जुन्या हिशेबाने चालणारं टीसीएम (गिअरबॉक्सचा संगणक) गोंधळतं. त्याला वाटतं क्लच घसरतोय, मग दाब वाढवतं, किंवा चूक नोंदवून सुरक्षित मोडमध्ये जातं. म्हणून लॉक-अप कोणत्या वेगाला, कोणत्या थ्रॉटलला, किती सावकाश लागावा हे नवीन कन्व्हर्टरप्रमाणे लिहावं लागतं. मल्टी-डिस्क क्लच लवकर पकडतो, मूळ दाबाने लावला तर झटका बसतो. आयडलही किंचित बघावं लागतं. जुने अडॅप्टिव्ह (संगणकाने चालता चालता शिकलेले) आकडे पुसून शिकवणी नव्याने करायची.

दादा, कन्व्हर्टर बनवणाऱ्याकडून वस्तू मागवतानाच त्यांनी सुचवलेले लॉक-अपचे आकडे लेखी मागा. बरेच जण देतात. सर्कल डी आणि ह्यूजेससारख्या अमेरिकन बनवणाऱ्यांना गाडीचं वजन, डिफरन्शियल, टायर आणि डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख पाठवला की ते त्याप्रमाणे बांधून देतात. "तीन हजारचा एक" असं मागू नका.

पहिले काही शे किलोमीटर पूर्ण थ्रॉटलवर लॉक करू नका, प्लेटांना बसू द्या. मग ऑइलचा रंग आणि वास बघून पुढचं ठरवू.

अंबडचा_फिटर

बसवण्याबद्दल, कारण चांगला कन्व्हर्टर आणि त्याच दिवशी फुटलेला ऑइल पंप मी पाहिलेला आहे, दुसऱ्या गॅरेजातून आलेल्या गाडीत.

कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर चढवताना तीन ठिकाणी बसावा लागतो: टर्बाइन इनपुट शाफ्टवर, स्टेटर त्याच्या आधाराच्या दातांवर आणि हब पंपात. हळूहळू फिरवत ढकलला की तीन वेळा "टक" असा आत जातो. तिसरा टक न होता बॉक्स इंजिनला लावून बोल्टांनी ओढला, तर इंजिन चालू होण्याआधीच पंप फुटलेला असतो. म्हणून बॉक्स इंजिनला टेकला की कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनला लावलेल्या तबकडीपर्यंत) पुढे ओढायला साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट हवी. नेमका आकडा बनवणारा देईल तोच धरायचा. फट नसेल तर थांबायचं, बोल्टाने ओढायचं नाही. आधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओतायचं, कोरडा चालू करायचा नाही.

ऑइल मर्कॉन एलव्ही, दुसरं काही नको. या बॉक्सला बोनेटखाली डिपस्टिक नाही. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, ऑइल ठरलेल्या तापमानाला, मग बॉक्सच्या बाजूच्या प्लगमधून लेव्हल. एक्झॉस्ट शेजारीच असतो, हेडर्स लावलेत म्हणजे आणखी जवळ. घाईचं काम नाही.

आणि विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवा. वॉरंटी संपलेली आहे, पण विमा चालू आहे.

गंगापूररोडकर

ठरलं. बनवणाऱ्याला पाठवायचा मजकूर असा: मस्टँग जीटी, सहा गिअर, डिफरन्शियल ३.१५, रस्त्याचे टायर, ड्रायव्हरसकट १८०० किलो, नाशिकच्या उंचीवर ३००० स्टॉल, टॉर्क वाढ २ च्या आत, मल्टी-डिस्क लॉक-अप, बिलेट कव्हर, सुयांचं बेअरिंग, लॉक-अपचे आकडे लेखी. सोबत डायनोचा आलेख. प्लेट कूलर आणि बायपास आधीच मागवतोय, तो बसला की कसाऱ्याचा लॉग परत घेऊन इथे टाकतो. काही राहिलं का?

अंबडचा_फिटर

दोन गोष्टी. "नाशिकच्या उंचीवर ३०००" याच्या पुढे तुमचा २४०० चा लॉग जोडा, दुसऱ्या गिअरमध्ये मोजला असं लिहून. त्यांना नुसत्या उंचीपेक्षा त्यावरून अंदाज चांगला येईल. आणि जुना कन्व्हर्टर परत मागतील, त्यासाठी किंमत कमी सांगतील. देऊ नका. पंधरा-वीस किलोचं धूड तिकडे पाठवण्यात बचत उरत नाही, आणि नव्यात काही निघालं तर गाडी उभी राहायला नको. ऑइल निथळून, तोंडं बंद करून कोरड्या जागी ठेवा.

माल आला की पेटीतून काढून आधी पुढचा पायलट (क्रँकमध्ये बसणारा मधला भाग) आणि बोल्टांचं अंतर जुन्याशी जुळतंय का ते मोजा, फोटो टाका. जुळलं की मग लिफ्टची वेळ ठरवू.